सरावखोलीतले आजोबा

मी नर्सिंग शाळेच्या सरावखोलीतला पेशंट बोलतोय. काळजी करू नका, मला काहीही झालेलं नाही. मी रबर-प्लॅस्टिकचा पुतळा आहे. कारखान्यातून निघालो तो थेट या पलंगावर आडवा झालो. अकरा वर्षं झाली, अजून डिस्चार्ज नाही.

इंजेक्शनं टोचून टोचून माझ्या कमरेची चाळण झाली आहे. डाव्या खांद्याचा स्क्रू सैल आहे. मुली मला ‘आजोबा’ म्हणतात, आणि आजोबांच्या पोटावर डबे ठेवून जेवतात.

शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम आहे: पेशंटला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. बाई खोलीत असेपर्यंत सगळ्या तो पाळतात. त्या बाहेर गेल्या की मी पुन्हा गाठोडं. अपवाद फक्त बडबडीचा. तिला सगळ्या याच नावाने हाक मारायच्या. "आजोबा, कूस बदलते हं," असं ती कोणी बघत नसतानाही म्हणायची.

"अगं, ते उत्तर देणार आहेत का?" मैत्रिणी चिडवायच्या.

"दिलं तर आधी तूच पळशील!"

शेवटच्या वर्षी कळलं, की एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई येऊन एकीची निवड करणार. काम बघणार आणि पुढे काय व्हायचंय ते विचारणार. बडबडीच्या दादाने उत्तर लिहून दिलं. ते तिने माझ्यासमोर इतकं घोकलं, की मलाही पाठ झालं. "पाच वर्षांत परदेशी शिक्षण. दहा वर्षांत विभागप्रमुख." तिसऱ्या वाक्याला मात्र गाडी अडायची.

"आजोबा, मला खुर्ची नकोच आहे हो," ती माझ्या पायथ्याशी बसून म्हणायची. "पण तसं सांगितलं तर दादा म्हणेल, एवढं शिकून काय दिवे लावलेस?"

तो दिवस आला. आधीच्या दोघींनी मला टेबल पुसावं तसं निमूट पुसून काढलं. मग बडबडीची पाळी. "आजोबा, हात पुसते हं," म्हणत तिने माझा डावा हात उचलला. तो खांद्यातून निखळला आणि थेट मेट्रनबाईंच्या पायावर पडला.

"आई गं!" मेट्रनबाई ओरडल्या.

"आजोबा, लागलं का हो?" बडबडीने घाईघाईने माझ्या खांद्यावर चादर ओढली.

आमच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"पाय माझा सुजतोय आणि विचारपूस पुतळ्याची?" मेट्रनबाई कडाडल्या.

"तुम्ही ओरडलात ना, बाई. तुमचं दुखणं लगेच कळलं. यांचं कोण सांगणार?" बोलून झाल्यावर तिने जीभ चावली.

मेट्रनबाई स्टुलावर टेकल्या. "बरं. पुढे काय व्हायचंय तुला?"

पहिली दोन वाक्यं धडाधड आली. तिसऱ्याला गाडी अडली. मग ती हळूच म्हणाली, "पक्षाघाताच्या वॉर्डात काम करायचंय. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांच्याजवळ. पाच वर्षांनीही तिथेच, आणि दहा वर्षांनीही."

"त्या वॉर्डात आपणहून कोणी येत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोमवारी रुजू हो. आणि आत्ता माझ्या पायाला पट्टी बांध. बांधण्याआधी मला सांग."

जाण्यापूर्वी ती माझा निरोप घ्यायला आली. कात्रीच्या टोकाने खांद्याचा स्क्रू आवळला. "आजोबा, दादा दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. चालायचंच. न बोलणाऱ्यांची सवय तुम्हीच लावलीत मला."

आता नवीन मुली आल्या आहेत. पोटावर डबे पुन्हा सुरू झाले. माझी तक्रार नाही. पोरींनो, डबा खुशाल ठेवा. फक्त ठेवण्याआधी सांगा.