तीनचे सतरा

रविवारी दुपारी राजिवड्यात झरीनच्या माडीवर चौघं जमत. खेळ कागदाचा आणि फाशांचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट झरीनने सांगायची, आणि कोण वाचलं, कोण मेलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. हर्षद योद्धा, यासीन चोर, मनस्वी वैद्यीण.

हर्षदची तक्रार जुनीच. "यात मजाच नाय राहिली. राक्षसाने फाडलं तरी मनस्वी हात ठेवते नि आपण टुणकन उभे. मरणाची भीतीच नसेल तर लढायचं कशाला?"

झरीन औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. तिला ते पटलं. फुकटचं औषध तिने तरी कुठे पाहिलं होतं? आठवडाभर डोकं लढवून तिने नवा नियम केला: वैद्यिणीने दुसऱ्याला जेवढे प्राण द्यायचे, तेवढे स्वतःच्या कागदावरून कायमचे खोडायचे.

मनस्वीने नियम वाचला आणि पेन्सिल उचलली. पुढचे तीन रविवार ती खोडत राहिली. बेचाळीस प्राणांचे अकरा झाले.

तिच्या घरी काय चाललंय ते झरीनला ठाऊक होतं. मनस्वीच्या वडिलांचं, भिकाजीकाकांचं, डायलिसिस सुरू होतं. थोरला भाऊ ऋत्विक मुंबईला. त्याने 'मला दोन पोरं आहेत' म्हणत तपासणीच टाळली होती. किडनी जुळली ती मनस्वीची. देशील का, असं तिला कुणी विचारलंच नाही. सगळे तारीख कधीची घ्यायची तेवढंच विचारत. हे ठाऊक असूनही नियम करताना झरीनच्या मनात ते आलं नव्हतं.

चौथ्या रविवारी हर्षदचा योद्धा खाडीत सुसरीच्या जबड्यात सापडला.

"मनस्वी, दे गो लवकर!"

मनस्वीने पेन्सिल खाली ठेवली. "नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही देत. अकराच उरलेत माझे."

"अगो, मी मरतोय!"

"मर मग," ती म्हणाली.

झरीनने पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला. दहा किंवा वर पडले तर योद्धा जगणार होता. पडले तीन.

तिने मान वर केली. हर्षद लालबुंद झाला होता, मनस्वी पांढरीफटक. आयुष्यात एकदा ही बाई नाही म्हणाली, आणि त्यावर लगेच मरण तिच्या माथी मारायचं? झरीनच्या जिवावर आलं.

"सतरा," तिने सांगितलं. "एक होडीवाला येतो आणि तुला वर ओढून घेतो."

त्या संध्याकाळी मनस्वीचा फोन आला. "बोलले गो घरी. नाही देणार म्हटलं." कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता. झरीनला आपण काहीतरी भलं केल्यासारखं वाटलं.

अडीच महिन्यांनी भिकाजीकाका गेले. डायलिसिस चालू असतानाच हृदय बंद पडलं.

झरीन नाचणे गावी मनस्वीच्या घरी भेटायला गेली तेव्हा ओटीवर ऋत्विक आल्यागेल्याला सांगत होता, "घरात किडनी होती हो. दिली नाही." मनस्वी मागच्या पडवीत एकटीच भांडी घासत होती. झरीन तिच्याशेजारी बसली.

"मला वाटलेलं, मी नाही म्हटल्यावर दुसरं कुणीतरी पुढे होईल," मनस्वी म्हणाली. "दादा, नाहीतर आत्येचा मुलगा. हर्षदला नव्हता का तो होडीवाला मिळाला?"

झरीनला गप्प बसता आलं असतं.

"तीन पडले होते," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

मनस्वीचा हात थांबला. "का?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

नळ वाहत राहिला. मनस्वीने तो बंद केला तेव्हा ओटीवरचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं.

"खरं कळलं असतं तरी कदाचित मी बाबांना नाहीच म्हटलं असतं," ती सावकाश म्हणाली. "पण ते मरणार हे धरून म्हटलं असतं. मी ते धरलंच नव्हतं, झरीन."

बाहेरून ऋत्विकने पाणी मागितलं. मनस्वी पदराला हात पुसून उठली, तिने कळशी भरून उचलली. झरीनने ती घ्यायला हात पुढे केला. मनस्वीने दिली नाही.