भरून दिलेला पेला

ठक. ठक. सासूबाईंनी खलात वेलदोडे कुटायला घेतले आणि सकाळपासून गप्प बसलेलं घर दचकलं. गावाच्या तोंडचं लोखंडी फाटक सैनिकांनी कुलूप घालून बंद केलं, त्याला अकरा दिवस झाले होते. गाडी नाही, हॉर्न नाही. उतारावरच्या जैतुनाच्या झाडांतून नुसता वारा फिरत होता.

"ऊठ फद्वा, भाऊ आलाय तुझा फाटकावर. त्याला दाराशी येऊ देत न्हाईत, तर आपनच कॉफी न्यायची. काय मागाय आलाय ते ठावं हाय मला."

"मला बी ठावं हाय, आत्याबाई."

माझं माहेर समोरच्याच डोंगरावर. गच्चीवर उभं राहिलं की आईची निळी खिडकी दिसते. त्या खिडकीआड अंथरुणाला खिळलेली आई आठ दिवस अन्नाला शिवली नव्हती.

सहा महिन्यांच्या तान्ह्याला पाजून आत्याबाईंच्या मांडीवर दिलं, चार वर्षांच्या लेकीला, मैसला, बोटाशी धरलं आणि कॉफीचं भांडं घेऊन उतरले.

फाटकापलीकडे रिब्हीदादा उभा. बूट लाल मातीनं माखलेले.

"काय गं, जाड झालीस! कोंडून घातलेलं मानवलं जनू?"

"आन् तुझी काटकी झालीया. वैनी उपाशी ठेवती काय?"

हसलो दोघंही. मग त्याचं हसू आटलं. "आय तुझं नाव घेती, फद्वा. दुसरं कायच बोलत न्हाई. चल माझ्यासंगं."

पहाऱ्यावरचा सैनिक मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत म्हणाला, "तू एकटी. पोरं नाही. बाहेर जा. परत आत, फाटक उघडेल तेव्हा."

"कवा उघडंल?"

त्यानं खांदे उडवले.

दूध दाटून आलं, झगा भिजला. दादाला हो म्हणवेना, नाही म्हणवेना, म्हणून मी कॉफी ओतायला घेतली. इवलासा पेला काठोकाठ भरला तेव्हा कळलं, काय करून बसले ते. आमच्यात पाहुण्याला तळाशी दोन घोट ओततात. भरून दिला म्हणजे प्या आणि चालते व्हा.

दादानं पेल्याकडं पाहिलं. माझ्या ओल्या झग्याकडं नजर गेली तशी त्यानं मान खाली घातली.

मागणं घेऊन आलेला माणूस होकाराशिवाय कॉफीला तोंड लावत नाही. माझा भाऊ तर त्यात लई कडक. पण त्यानं गजांतून हात घालून पेला घेतला आणि उभ्याउभ्या सगळा प्याला. चटका बसलाच असेल.

"झ्याक झालीया," तो म्हणाला. "आयला सांगतो, पोरीनं पोटभर पाजली म्हनून."

आणि वळून चालू लागला.

मैस गजांना गाल लावून त्याची पाठ बघत राहिली. वळणाआड तो दिसेनासा झाला, तेव्हा तिनं माझा झगा ओढला.

"आये, फाटक उघडंस्तवर पल्याडची आजी थांबंल न्हवं?"