कंबरेचा अर्धा इंच

दुकानात दादा शिलाई मशीनवर आणि त्याची धाकटी बहीण काजं-बटणांवर, असं बावीस वर्षं चाललेलं. दादा आता एक्कावन्नचा. त्यांचे वडील याच मशीनवर मान टाकून गेले, तेव्हा त्रेपन्नचे होते. दादा तेवढंच माप धरून चालला होता.

त्याची लेक प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिने बापाचंही तपासलं आणि कागद आणून कात्रीशेजारी ठेवला.

“बाबा, तुमच्या अंगात सूज आहे.”

दादाने पोट चाचपलं. “हे होय? हे जुनंच आहे.”

“आतली सूज! बोटात सुई गेली की सुजतं, बरं झालं की उतरतं. तुमची उतरतच नाही, मंद आचेवर चालूच. बारा तास बूड हलत नाही, झोप चार तास, हिरड्यांतून रक्त येतं ते वेगळंच. हृदयाला धोका आहे यात.”

“साचा बापाचा आहे, बाळा. कपडा त्याच मापाचा निघणार.”

“साचा तोच, पण त्यावर तुम्ही खडूने खुणा करता ना? इथे दुमड, इथे सोड? तशा जनुकांवरही खुणा असतात. कुठल्या जनुकाने किती काम करायचं, ते त्या सांगतात. आपण जगतो तशा त्या बदलतात. ही सूजसुद्धा नको तिथे खुणा करून ठेवते.”

“मग झटक की खडू!”

“काही पुसट होतात म्हणे. सगळ्या नाही. पण आधी उठा तरी!”

दादा हसला आणि टीप मारायला लागला. धाकटी हसली नाही. वडिलांची मशीनवर टेकलेली मान पहिल्यांदा तिनेच पाहिली होती. आणि दादाला समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं, हेही तिलाच ठाऊक. पण लहानपणी अख्ख्या गल्लीच्या चपलांचे जोड बदलणारी बाई ती. गप्प कशी बसेल?

दादाच्या कामाच्या पँटी दोन. एक अंगात, एक खुंटीला. दुपारी तो जेवायला घरी गेला तशी धाकटीने खुंटीवरची उसवली आणि कंबर अर्धा इंच आत घेतली. पुढच्या आठवड्यात दुसरी.

“काय गं, हुक लागेना.”

“मला काय विचारतोस? जगाची मापं घेतोस, स्वतःला टेप लावायला घाबरतोस होय रे?”

“धुण्यात आटली असेल.”

“आणि पोट? ते कुणी धुतलं नाही वाटतं!”

धाकटीने दोन्ही पँटी पुन्हा एकदा आवळल्या. दादा तयार कपडे पोचवायला स्वतः चालत जायला लागला. चहा दोनवर आला. दुकान आठला बंद. एक दिवस गुपचूप दातांच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. धाकटी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायची.

तीन महिन्यांनी लेक नवा कागद घेऊन आली. “खुणांचं यात कळत नाही. पण सूज बरीच उतरलीय, बाबा!”

“हं,” दादा म्हणाला आणि सुईत दोरा ओवत बसला. डोळे मात्र बराच वेळ पुसले.

आता हा सैलावणार, असं धाकटीला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो जेवायला जाताच तिने पुन्हा खुंटीवरची पँट ओढली. शिवण भसकन उघडली. कच्चा टाका! हा तर तिने घातलाच नव्हता.

आत खडूची सरळ रेघ होती, बरोबर अर्धा इंच आत. खाली दादाचं गिचमिड अक्षर: ‘इथून घे. आणि टाका बारीक घाल. काजाचा टाका कंबरेला घालतेस, पहिल्याच दिवशी कळलं, गाढवे.’

धाकटी एकटीच खो खो हसली, मग जरा रडली, आणि रेघेवर सुई टोचली. टाका बारीक घातला.

इतक्यात दादा आला. चालत आला होता, घामाघूम.

“काम झालं का गं?”

“कशाचं?” ती पँट मांडीखाली सारत म्हणाली.

“काजांचं,” दादा म्हणाला आणि मशीनकडे वळला.