सगळ्यात मोठं खोकं

गणितात मी नापास झाले आणि ते माझ्यापेक्षा घरच्यांनीच जास्त मनावर घेतलं. काकांचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. मला कॉलेजात परत पाठवायचं की कटिंगच्या टेबलाशी कायमचं उभं करायचं, हा निकाल आईने त्यांच्यावर सोपवला. काका न्यायी माणूस. म्हणाले, तुझ्या त्या गणिताचा खोक्याला उपयोग होतो हे दाखव, कॉलेजच्या फॉर्मवर लगेच सही करतो.

त्याच आठवड्यात खिळेवाला कुरकुरत आला. आम्ही त्याला तीस सेंटिमीटरच्या चौरस पुठ्ठ्याची बिनझाकणाची खोकी देत होतो. चारही कोपऱ्यांतून सहा-सहा सेंटिमीटरचा चौकोन कापायचा, उरलेल्या बाजू उभ्या दुमडायच्या, झालं खोकं. सहाच का, तर नानांच्या हाताला सहाची सवय. नाना म्हणजे आमचे कटरवाले. खिळेवाल्याला तेवढ्याच पुठ्ठ्यात जास्त खिळे बसवायचे होते.

मी खोक्याच्या घनफळाचं समीकरण मांडलं, त्याचं विकलन केलं आणि ते शून्य कुठे होतं ते काढलं. कोपरा किती कापायचा याची उत्तरं दोन आली, पाच आणि पंधरा. खोकं मोठं हवं होतं, म्हणून मी मोठं उत्तर घेतलं. काकांनी नानांना बजावलं, पोरगी सांगेल तसं निमूट कापायचं.

नानांनी निमूट साठ पुठ्ठे कापले आणि गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला.

"कोपरे झकास निघालेत," ते म्हणाले. "आता यातलं खोकं कुठलं तेवढं दाखव, म्हणजे दुमडतो."

तीसच्या पुठ्ठ्यातून पंधराचे चार चौकोन काढले की पुठ्ठा संपतो. खोक्याला उंची पंधरा सेंटिमीटर होती. फक्त लांबी-रुंदी शून्य होती.

नमुना बघायला खिळेवालाही आला होता. त्याने एक चौकोन उचलला, उलटून पाहिला आणि वजनाला हलकं आहे, एवढंच म्हणाला.

मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. विकलनाचं पुन्हा विकलन. शून्य आलं म्हणजे आलेख तिथे क्षणभर सपाट होतो. ते शिखर आहे की खड्डा, हे दुसरं विकलन सांगतं. पाचला उणे एकशेवीस आलं, म्हणजे शिखर. पंधराला अधिक एकशेवीस, म्हणजे खड्डा.

नानांनी विचारलं, म्हणजे उणे आलं की चांगलं? मी हो म्हटलं. तर म्हणे, मग तू नापास कशी झालीस?

काका गठ्ठ्याकडे बघत होते. "म्हणजे याहून लहान खोकं जगात होऊच शकत नाही?"

"नाही, काका."

"इतक्या वर्षांत आपल्या हातून असं काम झालं नव्हतं," ते म्हणाले. आवाजात थोडा आदरही होता.

नानांनी पाचच्या मापाने एक खोकं कापून दुमडलं. जुन्यात एक हजार नऊशे चव्वेचाळीस घनसेंटिमीटर मावायचे, यात दोन हजार. खिळेवाल्याने भरून पाहिलं. मूठभर खिळे जास्त बसले. तो खूश होऊन गेला.

काकांनी फॉर्म मागितला. मी हरखून विचारलं, पटला ना गणिताचा उपयोग?

"उपयोगाचं राहू दे," काका म्हणाले. "तू या कटरपासून निदान तीन वर्षं लांब राहायला हवीस."

नाना न सांगता पेन घेऊन आले.