लोकरीचे अणू

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तिच्या पलंगावर बसून लोकर गुंडाळत होतो. ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अणूंच्या आकाराचा धडा आला की जुनी शाळा तिलाच बोलवायची. एरवी खडूवर भागायचं. या वेळी फळ्याशी उभं राहायचं बळ नव्हतं, म्हणून तिने अणूच करून न्यायचं ठरवलं. बोटांतही जोर नव्हता. गुंडाळायचं काम माझं, चुका काढायचं तिचं.

"सोडियम सैल. पोकळ फुगव. आता मॅग्नेशियम. लोकर थोडी जास्त, पण आवळून."

"जास्त लोकर आणि गुंडा लहान?"

"सगळी पोरं इथेच आपटतात. इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू फुगला! अगं, आवर्तसारणीच्या एका ओळीत बाहेरचं कवच तेच राहतं. मधलं केंद्रक मात्र घरागणिक तगडं होत जातं. सगळ्यांना जवळ ओढतं."

"आणि खालच्या ओळीत?"

"तिथे वरून नवं कवच चढतं, मग मोठा होणारच. माझ्या तासाला झोपा काढायचीस का?"

"तुझ्या तासाला झोपायची कुणाची छाती होती?"

ती हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. मी नाकातली नळी सारखी केली. ते ऑक्सिजनचं यंत्र कित्येक महिने घरघरत होतं आणि मी त्याच्या शेजारी खुर्चीत झोपत होते. क्लोरीनपाशी आलो तोवर माझ्या हातांत त्राण उरलं नव्हतं. गुंडा गंधकाहून थोराड झाला.

"उलगड."

"राहू दे ना. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

मी उलगडला. तोवर तिचा डोळा लागला होता. उद्या बघू, म्हणत मी लोकर पिशवीत कोंबली आणि औषधाच्या वाट्या विसळायला गेले.

सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा ती गेलेली होती.

मग माणसं आली. दादा आला, दोन दिवस राहून परतला. जो तो म्हणे, "तू होतीस म्हणून निभावलं. वाघीण आहेस." वाघीण सगळ्यांचे कप उचलत होती.

शाळेतल्या तरुण बाईंचा फोन आला. "तास रद्द करते. पुस्तकातून वाचून घेतील मुलं."

"नको. मी येते," मी म्हणाले. वर्गासमोर मी जन्मात उभी राहिले नव्हते. पण हा तास बुडाला तर आई दुसऱ्यांदा जाईल असं वाटलं.

टेबलावर सहा गुंडे मांडले आणि नावाच्या चिठ्ठ्या मुलांना लावायला सांगितल्या. त्यांनी सोडियमची चिठ्ठी सर्वांत लहान गुंड्याला डकवली. आई म्हणाली होती तसंच.

"इलेक्ट्रॉन कमी, म्हणून छोटा," पहिल्या बाकावरची मुलगी ठासून म्हणाली.

मी केंद्रकाची ओढ सांगितली. मागून एकजण म्हणाला, "म्हणजे आमच्या आत्यासारखं. पाहुणे जितके जास्त, तितकं सगळ्यांना तिच्याजवळ सरकून बसवते!"

वर्ग खिदळला. मीही हसले, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

क्लोरीन त्यांच्यासमोरच गुंडाळला. त्या मुलीने दोन्ही हातांवर लड धरली आणि मी बोटाला वळ पडेपर्यंत आवळत गेले. या वेळी तो गंधकाहून लहान झाला. चिठ्ठ्या मुलांनी स्वतःच काढल्या आणि पुन्हा लावल्या. सोडियम सर्वांत मोठा, क्लोरीन सर्वांत लहान. एकही चूक नव्हती.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाल्यावर तरुण बाई गुंडे पिशवीत भरू लागल्या.

"अगदी बाईंसारखं शिकवलंत. त्यांचं एवढं केलंत, लगेच इथे आलात. तुम्ही दमत कशा नाही हो?"

सवयीने "छे, दमायचं काय त्यात" ओठांवर आलं होतं. मी बाकावर बसले.

"दमते. आई होती तेव्हाही दमायचे. कधी कधी वाटायचं, सुटावी ती. आणि मीही सुटावं. हे आजवर कुणालाच म्हणाले नव्हते."