आरसा आभाळाकडे

अर्धापूरच्या केळीच्या वखारीतला आपला हिस्सा धाकट्या भावाच्या नावावर करून वीरेशनं गोव्याहून जुनी बोट आणली, तेव्हा पाहुण्यारावळ्यांत वर्षभर दुसरा विषय नव्हता. उदगीरची मल्लम्मा आत्या तर भर लग्नाच्या पंगतीत म्हणाली, "केळी पिकवायची सोडून आता माणसं भिजवायला निघालाय म्हणं जावई!" पंगत हसली. वीरेशची बायको सुकन्या खाली मान घालून वाढत राहिली. तिला उत्तर सुचलं नव्हतं असं नाही. पण सुचलेलं सगळं बोलायचं नसतं, ही तिची सवय. आणि ती सवय तिला कधी जड गेली नव्हती.

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामागं गोदावरी रुंद पसरते. बंधारा सोडून बरंच वर आलं, की दोन्ही काठांना बाभळी आणि मधे नुसतं पाणी. तिथं ही बोट चालायची. बोटीमागं लांब दोर, दोराच्या टोकाला मूठ, आणि ती मूठ धरून, पायांत रुंद फळी बांधून उभा राहिलेला माणूस. बोटीनं धाव घेतली की तिच्या मागं दोन्ही बाजूंना लाट उठते. फळीवरचा माणूस या लाटेवरून त्या लाटेवर उडी घेतो. याला वेकबोर्ड म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत उडी घेणाऱ्याची. खरं तर निम्मी उडी बोट चालवणाऱ्याच्या हातात असते. मागचा माणूस बाहेर झुकला की बोटीला मागं खेचतो, वेग मरतो. तो मरायच्या आधीच रेसच्या दांड्याला बोटभर पुढं सारावं लागतं. दोर सैल पडला की तेवढंच मागं घ्यावं लागतं. वेग जरा वरखाली झाला की लाट मोडते, आणि मोडक्या लाटेवर माणूसही मोडतो.

अशा बोटीत दोन माणसं लागतात. एक पुढं बघणारं, एक मागं बघणारं. पहिली कितीतरी वर्षं वीरेश पुढं बघायचा आणि सुकन्या त्याच्याकडं पाठ करून मागच्या बाकावर बसायची. दोराच्या टोकाला बहुतेक वेळा त्यांची लेक उज्वलाच असायची. दात पडलेली उज्वला, दोन वेण्यांची उज्वला, पहिल्यांदा फळीवर उभी राहून "अव्वाऽऽ!" म्हणून ओरडताना तोंडभर गोदावरी प्यालेली उज्वला. ते सगळं सुकन्यानं समोरून, डोळे भरून पाहिलं होतं. लेक उभी राहिली की ती हात वर करायची, पडली की वीरेशच्या पाठीवर थाप मारायची. एवढंच काम. असं काम जन्मभर पुरलं असतं तरी तिची तक्रार नव्हती.

मग वीरेशचा खांदा आखडला. डॉक्टर झाले, मालिश झाली, उदगीरहून आलेलं तेल झालं. हात छातीच्या वर जाईना, आणि दांड्यावर ठेवला की थरथरायला लागे. उज्वलाच म्हणाली, "अव्वा, तू घे की."

"मी? मला स्कूटी येत न्हाई गं नीट."

"स्कूटीला ब्रेक असतोय. इथं तेवढं बी शिकायचं न्हाई."

सुकन्याला ते आलं, आणि लवकर आलं. वीरेश सगळ्यांना सांगत सुटला, की बायकोला देवाची देणगी हाय. सुकन्याला ठाऊक होतं, देणगीबिणगी काही नव्हे. लहानपणापासून रोज सकाळी, पाण्याचा घोटही घ्यायच्या आधी, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर पूजेला घेऊन ती बसत आलेली. वडलांनी, गुरुबसप्पांनी, उदगीरच्या देवघरात शिकवलं होतं: हाताकडं लक्ष द्यायचं नाही, नजर लिंगावर ठेवायची, नजर थांबली की हात आपोआप थांबतो. तळव्यावरचं लिंग हलू न देणाऱ्या बाईला दांडा हलू न देणं काय अवघड!

फक्त एक झालं. जागा बदलली. वीरेश मागं बघायला लागला आणि सुकन्याच्या वाट्याला आलं समोरचं पाणी, पलीकडच्या बाभळी आणि काचेवर बसवलेला हातभर आरसा. लेकीच्या पहिल्या मोठ्या उडीचं तिनं फक्त वर्णन ऐकलं. "गेली, गेली... आहाहा! बसली बघ!" वीरेश ओरडायचा. आरशात तिला दिसायची ती पाण्यावर धावणारी एक काळी काडी.

आणि आता तीही दिसणार नव्हती. केरळातल्या एका शिक्षकांनी उज्वलाला बोलावलं होतं. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, पुढं देशाच्या संघापर्यंत जायचं. अट एकच. जाताना एक आणि येताना एक, लाटेवरून लाटेवर अशा दोन पुऱ्या उड्या, मधे कुठंही न कापलेल्या व्हिडिओत. आणि तो आज दिवस मावळायच्या आत पाठवायचा.

सकाळी लिंग तळव्यावर घेतल्यावर सुकन्यानं काही मागितलं नाही. ती कधीच मागत नसे. पण आज तिला भीती वाटली होती, की आपण न मागताच मनातून काहीतरी मागितलं जाईल.

दुपार कलली तेव्हा बोट निघाली. वीरेश पाठमोरा बसला, चांगल्या हातात फोन.

"बत्तीसवर ठेव," उज्वला पाण्यातून ओरडली. "बत्तीस म्हणजे बत्तीस!"

"हाव गं बाई!" वीरेश म्हणाला. "तुझी आई एकतीसाला बी विटाळ मानती."

सुकन्यानं दांडा पुढं सारला. समोरच्या, वेग दाखवणाऱ्या डबीवर बत्तीस आलं आणि तिथंच राहिलं, चिकटवल्यासारखं. तरी प्रवाहाच्या उलट जाताना उज्वलाची उडी लांबली आणि ती पाठीवर आपटली. पुन्हा उभी राहून परत येताना उडी अर्ध्यातच बसली आणि फळीचं नाक पाण्यात घुसलं.

"काय चाललंय, अव्वा?" ती पोहत बोटीपाशी आली. "जाताना हात उपटून निघायलेत अन् येताना बोर्ड बुडायलाय."

"बत्तीसच होतं की गं."

"मला नसेल का कळत!"

सुकन्या पाण्याकडं बघत राहिली. जलपर्णीचा एक हिरवा पुंजका काठच्या एका बाभळीसमोर होता. बघता बघता तो पुढच्या बाभळीसमोर गेला, आणि त्याच्याबरोबर थांबलेली बोटही. मग तिच्या ध्यानात आलं. सकाळी बंधाऱ्याचे दरवाजे उघडले होते, नदी चालत होती. बोटीत वेग सांगणाऱ्या दोन वस्तू होत्या. ही डबी आभाळातल्या उपग्रहाकडून हिशेब घ्यायची: काठाच्या मानानं बोट किती पळाली. दुसरा जुना काटा बोटीच्या पोटाखालच्या इवल्या चाकावर चालायचा: पाण्याच्या मानानं किती पळाली. पाणी उभं असलं की दोन्हींचं एकमत. पाणी चालायला लागलं, की उलट जाताना डबी कमी सांगणार आणि सुलट येताना जास्त. फळीला काय, तिला काठ माहीतच नाही. तिला फक्त पाणी.

"अहो, तो जुना काटा का पडून आहे?"

"चाकात मुळ्या गुंतल्या असतील. तेरवाच बघणार होतो मी."

"तेरवा!" उज्वला खालून म्हणाली. "अप्पा, तुमच्या तेरवाला तीन महिने झाले." तिनं पायातली फळी सोडून बुडी मारली आणि मूठभर काळ्या मुळ्या घेऊन वर आली. बोट पुढं निघाली तसा काटा थरथरला, जिवंत झाला. सुकन्यानं पदराचं टोक डबीवर टाकून ती झाकली.

या खेपेला दोर कसा ताठ आणि शांत होता. काटा बत्तीसावर. मागून वीरेशचं सुरू झालं, "बाहेर गेली... झुकली... आता घेती बघ..." बसल्या जागेखाली बोट मागं ओढली गेली. म्हणजे लेक लाटेकडं निघाली. नेमकी त्याच क्षणी सुकन्याची नजर वर आरशात गेली. एवढीशी काळी काडी, तिरपी, जीव खाऊन मूठ धरलेली. आणि सुकन्याचा हात मागं आला. पोर पडेल म्हणून मागं आला, की पोर जाईल म्हणून, ते त्या हातालाच माहीत. दोर सैल पडला, मग झटका बसून ताणला, आणि उज्वलाच्या हातून मूठ सुटली.

सुकन्यानं बोट वळवून तिच्यापाशी आणली. उज्वलाचा ओठ फुटला होता.

"तुला मी जावंच वाटत न्हाई," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ए, आईला असं..." वीरेशनं तोंड उघडलं.

"बोलू द्या तिला," सुकन्या म्हणाली.

पण उज्वला दोराकडं पोहत गेली. मूठ धरून तिनं पाठ केली. सूर्य बाभळींवर टेकायला आला होता. एक खेप होती, फार तर एकच.

सुकन्यानं आपल्या तळव्याकडं पाहिलं. रोज सकाळी जिथं लिंग असतं, तिथं स्टेअरिंगचा लाल वळ होता. तिनं जावं असं वाटत नाही, हे खोटं कसं म्हणायचं? वाटत नाहीच. सकाळी देवासमोर तोंड मिटून बसले तेव्हाही वाटत नव्हतं. आणि तरी त्या पोरीचा ओठ फुटलेला बघवत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच छातीत कसं मावतं, ते त्या शिवालाच ठाऊक.

"अहो," ती म्हणाली, "तेवढा आरसा वर करा."

"वर म्हंजे?"

"आभाळाकडं. मला दिसायला नको."

वीरेशनं फोन मांडीवर ठेवला. मग चांगल्या हातानं त्यानं आरसा वर वळवला. त्यात नुसतं तांबूस आभाळ राहिलं. "मी सांगत जाऊ का, कुठवर आली ते?"

"नको. पडली तरच थाप मारा."

दांडा पुढं गेला. सुकन्यानं नजर काट्यावर टेकवली आणि तिथंच सोडून दिली. पाणी, बाभळी, वारा सगळं कडेला झालं. बोट डावीकडं खेचली गेली, तिनं बोटभर रेस दिली. काटा हलला नाही. ओढ वाढली, अजून वाढली, अख्खी बोट मागं रेलली. आणि एकाएकी ओढ नाहीशीच झाली. बोट हलकी झाली. इतकी हलकी, की जणू मागं कुणी नव्हतंच, कधी नव्हतंच. त्या हलकेपणात सुकन्याचा श्वास अडकला. पण हाताला श्वासाचं काही नव्हतं. त्यानं निम्म्या बोटाएवढी रेस मागं घेतली, काटा बत्तीसावर ठेवला.

मग दोराचं वजन परत आलं. टप्पकन, पलीकडच्या बाजूनं.

पाठीवर थाप पडली नाही. सुकन्यानं रुंद वळण घेतलं, वळणात वेग सांभाळला, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तेच: ओढ, ओढ, आणि ते हलकं होणं. या वेळी ते तिला लांबलेलं वाटलं. हे असंच असणार, तिच्या मनात आलं. पुढं रोज असंच असणार. मग वजन आलं. तिला रडू फुटलं, पण काटा दिसेनासा होऊ नये म्हणून तिनं ते पुसलं नाही, वाऱ्यालाच नेऊ दिलं.

"बसली!" वीरेशला राहवलं नाही. "दोन्ही बसल्या! अगं बघ तरी!"

उज्वला बोटीत चढली ती ओली तशीच आईच्या गळ्यात पडली. फुटका ओठ, वर हसू. सुकन्यानं पदरानं तो ओठ टिपला. वीरेशनं व्हिडिओ पाठवला आणि फोन सुकन्यापुढं धरला. "घे, बघ तुझ्या लेकीला."

"आता नको. ती गेल्यावर बघीन. राहू दे जपून."

उज्वलानं आईकडं पाहिलं. मग वर आभाळाकडं वळलेल्या आरशाकडं. काय समजायचं ते समजली असावी. पायातली फळी तिनं पुन्हा आवळायला घेतली.

"अजून एक खेप मारू. नुसती. अप्पा, तुम्ही चालवा."

"माझा खांदा, बाई!"

"पडले तर पडले. अव्वा, तू माघं बस."

अशी सुकन्या आपल्या जुन्या बाकावर येऊन बसली. वीरेशनं डाव्या हातानं दांडा ढकलला आणि बोट उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी निघाली; कधी अडतीस, कधी पंचवीस. लाटेचा आकार राहिला नाही. दोराच्या टोकाला उज्वला डुगडुगत होती, हसत होती, एक हात सोडून हलवत होती. उडी नाही, काही नाही. मावळतीचा उजेड तिच्या तोंडावर होता, आणि ते तोंड समोरून, पुरं, नाकाडोळ्यांसकट सुकन्याला दिसत होतं. मोठी झाली होती. हनुवटी थेट गुरुबसप्पांची. हे कधी झालं?

"वेग बरोबर हाय का गं?" पाठीमागून वीरेशनं विचारलं.

"कमी करा जरा," सुकन्या म्हणाली. काठ जवळ येत होता. "अजून कमी."

बोट मंदावली, काठ सोडून वळली. दोर ढिला पडत चालला. उज्वला गुडघ्यांत वाकली, फळीवर पाणी चढलं, ती हळूहळू खाली जायला लागली. तिचा हलणारा हात थांबला, तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली आणि आईकडं पाहिलं.

सुकन्यानं नवऱ्याच्या पाठीला पाठ टेकली.

"वाढवा," ती म्हणाली. "वाढवा आता."