चौकापलीकडची कॉफी

मित्रांनो, मी एक जुनी ब्रिकी आहे. कॉफी उकळायचं लांब दांड्याचं छोटं भांडं. तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली, आणि ग्रीसमधल्या या डोंगरी गावात अस्मिनाच्या कॉफीच्या दुकानात मी तापल्या वाळूवर बसले, ती आजवर. "असा फेस गावात कुठे नाही," लोक म्हणत. श्रेय अस्मिना घेई. घेऊ दे.

आमच्या दुकानाचं दार हिरवं, चौकापलीकडच्या दुकानाचं निळं. हे दोन पक्षांचे रंग. मत ज्या रंगाला, कॉफीही त्याच दारात. तीस वर्षांपूर्वी धाकट्या लांबिसने निळ्यांना मत दिलं आणि थोरल्या स्ताथिसने बोलणं सोडलं. तेव्हापासून दोघे भाऊ आपापल्या खिडकीत, समोरासमोर.

"बघ, गाढव आज मफलरशिवाय आलंय," समोरच्या खिडकीकडे बघत स्ताथिस अस्मिनाला म्हणायचा.

"मग जाऊन सांगा की, काका," ती म्हणे.

"मी? त्या निळ्या दारात? मेलो तरी नाही! त्यालाच येऊ दे. आणि आला तर साखर दोन चमचे घाल हं. लहानपणापासून गोडखाऊ आहे."

एका हिवाळ्यात स्ताथिसची खुर्ची तीन दिवस रिकामी राहिली. चौथ्या दिवशी लांबिस चौक ओलांडून आमच्या दारापर्यंत आला. कडीवर हात ठेवला. तेवढ्यात आत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तो माघारी वळला. अस्मिना धावत बाहेर गेली. "लांबिसकाका, अहो, ते तापाने पडलेत!"

"उद्या जातो त्याच्याकडे," तो न वळता म्हणाला.

पहाटे चर्चची घंटा वाजली, कुणी गेल्यावर वाजते तशी.

दफनानंतर मयताच्या नेहमीच्या दुकानात सगळ्यांनी कॉफी प्यायची, तीही बिनसाखरेची, अशी इथली रीत. लांबिस पहिल्यांदाच आत आला. अस्मिनाने त्याच्यापुढे कप ठेवला.

"तुम्ही आलात तर दोन चमचे घालायचे, असं ते तीस वर्षं बजावत होते. आज घालता येत नाहीत हो, काका."

लांबिसने कप दोन्ही हातांत धरला. "मला वाटायचं, तिकडे बसून मला शिव्या देतोय."

"देतच होते," अस्मिना म्हणाली, आणि रडता रडता हसली.

आता निळं दुकान बंद आहे. आमच्याकडेही तीन-चारच म्हातारे येतात. मित्रांनो, माझा दांडा हलतो, तो दुरुस्त केलात तर बरंच. नाही केलात तरी माझी तक्रार नाही. पण समोरच्या खिडकीत तुमचं कुणी बसलेलं असेल, तर आजच जा. चौक पन्नास पावलांचासुद्धा नाही. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.